बंद दाराआडचा कौल

खाडी जिथं समुद्राला मिळते, तिथल्या एका गावात एकदा एक म्हातारा गुरव राहत होता. ही गोष्ट त्याची म्हणून सांगितली जाते, पण खरी आहे ती त्याच्या सुनेची. शहाणपण त्याचं होतं, पोळत ती होती.

सुनेचं नाव अनसूया. नवरा गंगाराम गुरवाचा एकुलता एक, पण त्याचं मन देवळात कधी रमलं नाही. नारळ-सुपारी भरून दक्षिणेला जाणाऱ्या गलबतावर तो खलाशी म्हणून जायचा. आपल्यामागं देवाची सेवा कोण करणार, हा घोर म्हाताऱ्याला होताच. तेव्हा त्यानं सुनेलाच हाताशी घेतलं. देवाला स्नान कसं घालायचं, फूल कुठल्या बाजूनं वाहायचं, हे सगळं तो तिला शिकवू लागला. बाईमाणसाला हे शिकवतो म्हणून गावानं नाकं मुरडली. म्हातारा म्हणायचा, देवाला गाऱ्हाणं ऐकायचं असतं, मिशा बघायच्या नसतात.

त्या देवळात दोन गोष्टी चालत. एक गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीनं गुरवानं देवापुढं उभं राहून ज्याचं जे दुखतंखुपतं ते मोठ्यानं सांगायचं आणि सांभाळ म्हणायचं. जमलेल्यांनी दर वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणायचं. दुसरा कौल. देवाच्या मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी गळली तर देवाचा होकार, डावी गळली तर नकार. विहीर इथं खणू का तिथं, मुलीचं लग्न यंदा उरकू का पुढल्या साली, असल्या गोष्टी लोक विचारत.

त्या साली घात झाला. पाऊसकाळ लागण्याआधी सगळी गलबतं माघारी येतात आणि वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारली जातात. पण त्या वर्षी वारा अवेळी उठला. एकेक करून गावची सगळी गलबतं कशीबशी खाडीत शिरली, गंगारामाचं तेवढं आलं नाही. गलबतांवरचे जुने तांडेल म्हणाले, दक्षिणेकडच्या कुठल्यातरी खाडीत आसऱ्याला उभं असेल. नसेल तर काय, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. आणि उभं असलं, तरी नारळी पुनवेपर्यंत समुद्र बंद. जमिनीवरच्या वाटांवर नद्या दुथडी भरलेल्या. म्हणजे तोवर निरोप येणार नाही, जाणार नाही. नवरा आहे की नाही, हे ठाऊक नसताना अख्खा पाऊसकाळ काढायचा.

माणूस गेला तर बाई रडून मोकळी होते. आहे म्हटलं तर कामाला लागते. अनसूयेला यातलं काहीच करता येईना. त्यात शेजारची काशीकाकू. मनानं वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. बांगड्या भरणारी कासारीण आळीत आली, तेव्हा काशीकाकू अनसूयेला समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तू थांब हो जरा. घाई कशाला?" अनसूयेनं तिच्यासमोर दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून घेतला. घरी येऊन तोंडात पदर कोंबून रडली.

मग तिनं सासऱ्याच्या मागं टुमणं लावलं. कौल लावा. आहेत की नाहीत, एवढं विचारा. म्हातारा म्हणे, अजून नाही. रोज सकाळी तो नेहमीसारखा देवापुढं उभा राही आणि गाऱ्हाणं घाली. कुणाचा ताप, कुणाचं भांडण, कुणाची आटलेली म्हैस, सगळं ओळीनं यायचं. त्यातच कुठंतरी गंगारामाचं नाव यायचं आणि जायचं. आवाज तोच, ना कमी ना जास्त. मागं उभं राहून ‘होय महाराजा’ म्हणताना अनसूयेच्या अंगाची लाही व्हायची. एके दिवशी तिला राहवलं नाही.

"मामंजी, पोटचा पोर आहे तो तुमचा. आणि त्याचं नाव तुम्ही वाण्याच्या म्हशीनंतर घेता?"

म्हाताऱ्यानं समईची वात पुढं सारली आणि बाहेर गेला. तिनं मनात म्हटलं, दगडाची पूजा करून करून माणूसही दगड झाला.

मग ती डोंगरापलीकडच्या गावी गेली. तिथल्या देवाचा कौल पक्का असं लोक म्हणत. उजवा आला. येताना वाटभर हसत आली, घरी पोचेपर्यंत हसू मावळलं. कशावरून खरा? पुन्हा गेली. डावा आला. मग पहिला खरा की दुसरा? तिसऱ्यांदा गेली तेव्हा तिथल्या गुरवानंच हात जोडले. म्हणाला, बाई, तुमच्या घरचा देव काय झोपलाय काय?

इकडं शेतात रोप उंच होऊन पिवळं पडत चाललं. देवाचं म्हणून जे शेत गुरवाच्या घराकडं होतं, त्यातच देवाचा नैवेद्य आणि यांची वर्षाची पेज. चिखलणी म्हाताऱ्यानं कुणाकडून तरी करून घेतली होती. पण लावणीला त्याची कंबर वाकत नव्हती, ते काम अनसूयेच्या हातांचं. गावाची लावणी संपत आली तरी यांच्या शेतात नुसता चिखल. म्हाताऱ्यानं दोनदा आठवण केली. ती म्हणाली, माणूसच नसेल तर भात कुणाला वाढू? दोघांची पोटं तर तिच्यासमोरच होती, एक तिचं आणि एक त्याचं. पण तिला दिसत नव्हती.

एका दुपारी म्हातारा ओसरीवर आडवा झालेला बघून ती एकटीच देवळात शिरली. तिनं पाकळ्या घेतल्या. गुरवाच्या घरची सून ती, पाकळी किती भिजवली की किती वेळ धरते हे तिच्या बोटांना पाठ. उजवी पाकळी तिनं नुसती पाण्यात बुडवून लावली. डावीला मात्र सहाणेवरचं ओलं गंध माखलं आणि दाबून चिकटवली. मग हात जोडून विचारलं, आहेत ना? उजवी पाकळी लगेच गळाली.

ती तिथंच फरशीवर बसून राहिली. देवानं होय म्हटलं होतं. तिला हवं तेच म्हटलं होतं. आणि तिच्या पोटातला गोळा होता तिथंच होता, उलट आणखी घट्ट झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा देवाला स्नान घालत होता. ती पाणी आणून देत होती. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "देवाच्या डाव्या अंगाला गंध जरा जास्त लागलं होतं. पुसून घेतलं मी."

अनसूयेचा चेहरा उतरला. मग ती चिडली. चूक उघडी पडली की माणूस आधी चिडतोच. म्हणाली, तुम्ही लावला असता तर माझ्यावर ही पाळी आली नसती. आजच्या आज कौल लावा, नाहीतर मी माहेरी निघून जाते, तुमचा देव तुम्ही सांभाळा आणि तुमचं शेतही.

म्हाताऱ्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं. जास्वंद आण. तांबडी."

ती धावत जाऊन फूल घेऊन आली. म्हाताऱ्यानं दोन पाकळ्या खुडल्या, सारख्या बघून घेतल्या, सारख्याच भिजवल्या. एक उजवीकडं, एक डावीकडं लावली. हात जोडले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. त्या दिवशी दुसरं कुणाचंच नाव नव्हतं, फक्त गंगारामाचं. तुझं लेकरू समुद्रावर आहे, आम्हाला ठाव लागत नाही, तुला आहे, तर त्याचं काय ते तू बघ आणि आम्हाला ते झेपेल असं कर. अनसूया डोळे फाडून पाकळ्यांकडं बघत होती. पापणी लवेना.

म्हातारा वळला. तिला दंडाला धरून त्यानं गाभाऱ्याबाहेर आणलं, दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

"चल," म्हणाला, "लावणी राहिलीय."

तिला आधी कळेचना. मग ती दाराला जाऊन भिडली. हे काय करता मामंजी, पाकळ्या आत आहेत, आत्ता पडतील. तो म्हणाला, पडू देत. तिनं किल्ली मागितली, दिली नाही. ती रडली, त्यानं रडू दिलं. शेवटी तो एकटाच काठी टेकत शेताच्या वाटेला लागला आणि रोपं उपटून जुड्या बांधायला बसला. कंबर धरून बसला, कण्हत बसला. ती बांधावर उभी राहून बघत होती. बराच वेळ बघत होती. मग रागारागानं साडी वर खोचून चिखलात उतरली.

पहिल्या ओळी वाकड्यातिकड्या लागल्या. हातात रोप आणि डोळ्यांपुढं पाकळ्या. आता उजवी पडली असेल. नाही, डावीच. तिनं एकेक रोप असं खुपसलं, जणू चिखलानंच तिचा नवरा नेला होता. म्हातारा जुड्या फेकत होता आणि मधूनच म्हणत होता, अगो, भाताला मारू नकोस, त्यानं काय केलंय. तिला हसू आलं नाही. पण हात सैल झाला.

दुपार कलली तेव्हा अर्धं शेत हिरवं झालं होतं. ती पाठ सरळ करायला उभी राहिली आणि तिच्या ध्यानात आलं, मघापासून आपण पाकळ्यांचा विचारच केला नाही. हे ध्यानात आल्याबरोबर तिला स्वतःचा राग आला. नवऱ्याशी बेइमानी केल्यासारखं वाटलं. तरी पोटातला गोळा तेवढा वेळ नव्हता, हेही खरंच होतं.

दिवेलागणीला दोघं परत आली. पाय धुऊन म्हाताऱ्यानं कुलूप काढलं. ती त्याच्या बगलेतून आत घुसली. मूर्ती स्वच्छ होती. दोन्ही पाकळ्या खाली फरशीवर पडलेल्या होत्या, एक या अंगाला, एक त्या अंगाला.

अनसूयेनं कपाळावर हात मारून घेतला. "आता कसं कळायचं कुठली आधी पडली ते?"

"ज्याला विचारलं त्याला कळलं," म्हातारा म्हणाला.

त्यानं त्या दोन्ही पाकळ्या उचलल्या, निर्माल्यात टाकल्या आणि दिवा लावला. मग तिथंच खांबाला टेकून बसला. तिला समोर बसायला सांगितलं.

"अनसू, इतके दिवस तू देवाला काय म्हणतेस? सांग, सांग, सांग. चोराला चावडीवर धरून विचारावं तसं. कौल कशाला असतो? जिथं आपल्या हातानं काही करायचं असतं आणि काय करावं ते सुचत नाही, तिथं विचारावं. गंगारामाचं गलबत गेलं असेल तर तुझ्या विचारण्यानं वर येणार नाही. उभं असेल तर न विचारल्यानं बुडणार नाही. मग तुला उत्तर हवंय ते भीती जावी म्हणून. उजवा कौल मिळाला होता ना तुला? मागं तिकडं मिळाला, काल इथंही मिळाला. गेली का भीती?"

तिनं मान हलवली. नाही.

"उत्तरानं ती जात नाही गो. आणि जाते तेव्हाही तेवढ्यापुरती. आज नवऱ्याचं विचारशील, उद्या पोराचं, परवा आणखी कुणाचं. देव जन्मभर पाकळ्या टाकत बसेल आणि तू मोजत बसशील. गाऱ्हाणं वेगळं. त्यात आपण सांगायचं असतं. जे जड झालंय ते त्याच्यापुढं ठेवायचं आणि तिथंच सोडून यायचं. मी दार का लावलं? तू ठेवतेस आणि लगेच उचलून बघतेस म्हणून."

मग जे मनात टोचत होतं ते तिनं विचारूनच टाकलं. तुम्हाला भीती नाही वाटत? तुम्ही इतके थंड कसे?

म्हाताऱ्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "त्याचं नाव म्हशीनंतर का घेतो, विचारलं होतंस ना तू? ते नाव आधी घेतलं तर पुढं कुणाचंच नाव माझ्या तोंडून निघणार नाही. गाव मागं उभं असतं. ज्याची म्हैस आटली त्याच्या घरी पोरं आहेत."

त्या दिवसापासून अनसूयेनं कौल मागितला नाही. ती एका दिवसात साध्वी झाली असं नाही. गोळा पोटात यायचा, कधी भाकरी थापताना, कधी कुणाचा नवरा दारात खोकला की. आला की ती देवापुढं उभी राहायची आणि देवाला सांगायची, आज फार झालंय, हे घे. कधी देवाला चार शब्द सुनवायचीही. मग बाहेर येऊन कामाला लागायची. कधी दुपारपर्यंत टिकायचं, कधी अंगण ओलांडेपर्यंतही नाही. मग पुन्हा जायची. म्हाताऱ्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पण राहिलेलं शेत लावून झालं, तण काढून बेणून झालं, आणि काशीकाकूला गुडघ्याचं दुखणं आलं तेव्हा तिच्या घरची पेजही अनसूयेनंच नेऊन दिली. काशीकाकू ओशाळली आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणाली.

नारळी पुनव झाली. गावानं समुद्राला नारळ वाहिला. समुद्र उघडला. त्यानंतरचे दिवस सगळ्यांत कठीण होते, कारण आता शीड दिसायचं तर दिसू शकत होतं, आणि दिसत नव्हतं.

एके सकाळी गाऱ्हाणं चाललं होतं. देवळात नेहमीची माणसं होती. म्हातारा हातात नारळ घेऊन एकेक नाव घेत होता. तेवढ्यात वर सड्याच्या माळावरून कुणीतरी ओरडलं, टोकाला वळसा घालून एक शीड येतंय. कुणाचं ते कळत नाही, पण येतंय खाडीकडंच.

देऊळ क्षणात रिकामं झालं. दुखरा गुडघा विसरून काशीकाकूही सगळ्यांच्या पुढं पळाली. आत राहिली दोघं. म्हाताऱ्याचं म्हशीचं सांगून झालं होतं. पुढचं नाव गंगारामाचं होतं. त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. त्यानं पुन्हा तोंड उघडलं. नाव निघेना.

अनसूयेनं दाराकडं पाहिलं. उन्हाचा चौकोन उंबऱ्यापर्यंत आला होता. तिचे पाय तिकडं ओढत होते, आणि ओढायलाच हवे होते, ती काही लाकडाची नव्हती. पण ती वळली. सासऱ्याच्या जागी पुढं जाऊन उभी राहिली, त्याच्या हातातला नारळ आपल्या हातात घेतला आणि गाऱ्हाणं पुढं सुरू केलं.

गंगारामाचं नाव तिनं घेतलं. मग काशीकाकूच्या गुडघ्याचं. मग गोठ्यातल्या गुरांचं, भाताला पडलेल्या किडीचं, समुद्रावर असलेल्या आपल्या आणि परक्या सगळ्यांचं. एकही नाव गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "हे शीड ज्या कुणाच्या घरचं असेल त्याला काठाला लाव. आणि ज्याच्या घरचं नसेल, त्याच्या घरात तू जाऊन बस."

मागं ‘होय महाराजा’ म्हणायला गाव नव्हतं. उभा जन्म ज्यानं गाऱ्हाणं घातलं, त्यानं सुनेच्या मागं उभं राहून हात जोडले.

"होय महाराजा," म्हातारा म्हणाला.

तिनं नारळ वाढवला, खोबऱ्याची शेरणी देवापुढं ठेवली, आणि सासऱ्याचा हात धरून त्याच्या पावलानं धक्क्याकडं उतरली. शीड गंगारामाच्याच गलबताचं होतं. वाळून काळा झालेला तो धक्क्यावर उडी टाकताना घसरला आणि चिखलात बसला, तसं सगळं गाव हसलं. सगळ्यांत मोठ्यानं अनसूया.

तो आला म्हणून ही गोष्ट गोड लागते. पण त्याच वाऱ्यात खाडीपलीकडच्या एका घरची होडी गेली ती गेलीच. त्या घरातही रोज देवापुढं दिवा लागत होता, आणि तिथली बाई अनसूयेपेक्षा तसूभरही कमी भाविक नव्हती. तेव्हा देवावर भरवसा ठेवला की सगळं मनासारखं होतं, असं सांगत कुणी दारात आलं तर त्याला पायरीवरूनच परत पाठवावं. अनसूया त्या बाईकडं गेली. तिनं तिथं ज्ञान पाजळलं नाही. चूल पेटवली, भात टाकला, तिच्याशेजारी बसली. बऱ्याच वेळानं ती बाई आपणहूनच म्हणाली, तुम्ही गुरवाकडच्या ना, माझं जरा सांगा देवाला. मग दोघींनी तिथंच, चुलीपुढं, गाऱ्हाणं घातलं.

उद्या काय होणार हे ठाऊक नसलेल्यानं, म्हणजे आपण सगळ्यांनीच, आज एवढं करावं: जड झालेलं देवापुढं ठेवावं, आणि उठून भात बघावा.